सडपातळ बैल

घोडेगावच्या बाजारात बैलाचा सौदा उपरण्याखाली होतो. घेणारा आणि विकणारा आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, वर तोंडं मख्ख. त्रेचाळीस साली गनीभाई गाडीवानानं हरण्या घेतला तो असाच. समोरच्याचं नाव विचारायचं त्याला सुचलं नाही. तिथं कुणालाच सुचत नाही.

महिन्याभरात गोरक्ष नावाचा शेतकरी पोलीस घेऊन दारात उभा. म्हणाला, हा माझा चोरीला गेलेला बैल. पंचनामा झाला, हरण्या नेवाशाच्या कोंडवाड्यात गेला. जोडीतला दुसरा बैल पाखऱ्या, त्या एकट्याला मालाची गाडी ओढवेना. ती अंगणात मान टाकून पडली.

कोर्टात साहेबांनी विचारलं, "बैल कुणाकडून घेतला?"

"हाताकडनं, साहेब."

"नाव काय त्याचं?"

"हातच ठावा हाय. मधलं बोट अर्धंच हुतं."

साहेब कारकुनाकडं वळले. "लिहा, विकणारा अज्ञात इसम. त्याला नोटीस काढा. त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल नाही."

अज्ञात इसमाचा शेवटचा ठावठिकाणा म्हणजे बाजारातली बाभळ, सौदा तिच्याखालीच झालेला. बेलीफानं दवंडी पिटवली आणि ज्वारीच्या पिठाची खळ लावून नोटीस बाभळीला चिकटवली. खळीच्या वासानं एका बैलानं ती खाल्ली. बेलीफ प्रामाणिक, त्यानं अहवालात तेही लिहिलं. मग दुसरी नोटीस निघाली, मग तिसरी.

गोरक्षची साक्ष झाली.

"शपथेवर सांगा, बैल तुमचाच?"

"वाटतो तरी, साहेब. शिंगं त्याचीच हायती. डोळं न्हाई तसं."

"हो की नाही?"

"व्हय... न्हाई."

कारकुनानं दोन्ही लिहून घेतलं.

इकडं गनीभाई दर आठवड्याला कडब्याची पेंढी घेऊन कोंडवाड्यावर जायचा. तिथला राखणदार यशया मनानं भला, पण कागदाला लई भ्यायचा.

"चार मुठी टाकू दे रं. बरगड्या बग त्याच्या."

"गनीभाई, पंचनाम्यात 'सडपातळ बैल' लिवलंय. सरकारी वैरन हाय तेवढीच. खाऊन जाडा झाला तर साहेब म्हनतील, बैल बदलला. मग तूच आत जाशील."

"आन् मेला तर?"

"मरायचं पंचनाम्यात न्हाई."

गनीभाई पेंढी वाटेतच कुणाच्या तरी गाईपुढं टाकायचा. घरी बायको बिबीजान विचारायची, "खाल्लं का त्यानं?"

"खाल्लं," तो म्हणायचा.

सातव्या महिन्यात निकाल लागला. अज्ञात इसम तीनदा बोलावूनही आला नाही, हे त्याच्या अंगाशी आलं. गोरक्षला खात्री नव्हती, ते गोरक्षच्या अंगाशी आलं. बैल गनीभाईचा ठरला.

नवा कासरा घेऊन तो धावतच कोंडवाड्यावर गेला. यशया टोपी हातात घेऊन दारातच बसला होता.

"काल सांच्याला गेला रं."

गनीभाई कितीतरी वेळ कासऱ्याची गाठ सोडत आणि बांधत राहिला. यशयानं वही पुढं केली. मेलेल्या बैलाच्या नोंदीत मालकाच्या जागी लिहिलं होतं, 'अज्ञात'.

"आरं, मी मालक हाय! निकाल लागलाय!"

"निकाल आजचा, बैल कालचा. काल त्यो कुनाचा हुता, ते काल कुनालाच ठावं न्हवतं." यशयानं मान खाली घातली. "कातडं पायजे आसंल तर अर्ज कर. पन आदी मालकाला नोटीस निघंल."

पुढच्या बाजाराला गनीभाई पाखऱ्याला विकायला घेऊन गेला आणि त्याच बाभळीखाली उभा राहिला. तेवढ्यात बेलीफ आला. मयत बैलाच्या अज्ञात मालकानं हजर व्हावं, अशी नोटीस त्यानं झाडाला चिकटवली, मोठ्यानं वाचली, गनीभाईला ओळखून हसला आणि निघून गेला.

एक गिऱ्हाईक आलं. उपरण्याखाली हात आला. गनीभाईनं बोटं चाचपली. पाचही धड होती.

"आदी नाव सांगा. बापाचं नाव, गाव."

हात झटक्यात बाहेर निघाला. "सौद्याला आलायस का फौजदारकी कराया?"

आणखी दोघं तसेच गेले. दिवस कलला, बाजार उठला. पाखऱ्यानं मान लांब केली आणि झाडावरची नोटीस ओढून चघळायला लागला.

गनीभाईनं कासरा ढिला सोडला.

"खा," तो म्हणाला. "पोटभर खा."