मेणवेलीचं पान

कामावर पोचताच धाकटीनं कप दोन्ही हातांनी दातांच्या दवाखान्याच्या काउंटरवर ठेवला, पेशंटांची नावं लिहायची वही बाजूला सरकवली आणि कप जरासा फिरवून पानाची चकचकीत बाजू उजेडाकडे केली. घरच्या खिडकीत ते याच कोनात उभं असायचं. घरात रंगारी शिरले होते आणि त्यांना पहिला हात नेमका त्याच खिडकीवर मारायचा होता. म्हणून सात वर्षांत पहिल्यांदा पान जागचं हललं होतं. बसमध्ये कप मांडीवर धरून बसताना तिचा जीव टांगणीला लागला होता.

पान म्हणजे खरोखर एकच पान. कपातल्या मातीत खोचलेलं, जाडजूड, मेण चोळून ठेवल्यासारखं गुळगुळीत. माहेरी या वेलीला मेणवेल म्हणत. तिला तळहाताएवढे फिकट गुलाबी झुबके यायचे आणि त्यातली चांदणीसारखी फुलं इतकी रेखीव असायची, की आलागेला माणूस बोट लावून खरी आहेत का ते बघायचा. आधी ती आईची वेल होती, आई गेल्यावर ताईची झाली. धाकटी लग्न करून निघाली त्या दिवशी ताईनं हे पान ओल्या फडक्यात गुंडाळून, टवका उडालेल्या कपात घालून तिच्या हातात दिलं होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होता. दिवसभर वर-खाली करून घरी आला, की खिडकीकडे बघून विचारायचा, "काय म्हणतंय तुझं हिरवं बिस्कीट?" तो थट्टा करायचा, पण त्या खिडकीपुढे कपाट लावायची त्याची हिंमत झाली नाही. कपाट सात वर्षं दाराच्या मागे, अर्धंच उघडत होतं.

दर रविवारी सकाळी धाकटी ओल्या कापसानं पान पुसायची आणि मग ताईला फोन लावायची. दोघींकडे बोलायला दुसरं फारसं नव्हतंच. ताई पानाची चौकशी करायची आणि सल्ला द्यायची. पहिल्या वर्षी म्हणाली, मुळं धरू दे. दुसऱ्या वर्षी म्हणाली, कप बदलू नकोस, या वेलीला अडचणीतच बरं वाटतं. मग म्हणाली, पाणी जास्त होत असेल. नंतर म्हणाली, कमी पडत असेल. मग जागा हलवू नकोस, सारखं बघत जाऊ नकोस, धीर धर. धाकटीनं सगळं निमूटपणे पाळलं. फुटवा येत नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, हे तिनं धरूनच चाललं होतं.

तिला त्या वेलीचं एवढं काय होतं, हे नवऱ्यालाही पुरतं ठाऊक नव्हतं. आई गेल्यानंतर वर्षभरातच बाबांच्या अंगावरून वारं गेलं आणि ते अंथरुणाला खिळले. ताई कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. तिची वरच्या जागेसाठी निवड झाली होती, पण त्याआधी दोन वर्षं परगावी शिकायला जावं लागणार होतं. बहिणींचं ठरलं होतं, की धाकटीचा कोर्स संपला की बाबांना ती बघेल आणि ताई जाईल. कोर्स संपला आणि तीन महिन्यांत धाकटीनं लग्न ठरवून टाकलं. ताई चकार शब्द बोलली नाही, फक्त पान दिलं. धाकटीनं ते पदरात घेतलं आणि मनाशी म्हटलं, सुटले, ताईनं माफ केलं. झुबका फुलला की ते पक्कं होणार होतं. तोवर माफी मागायची गरज तिला कधी पडलीच नाही.

साडेअकराच्या सुमाराला रोपवाटिकेचा मालक आला. एक गाल सुजून लाडवासारखा झालेला आणि त्यावर रुमाल दाबलेला. नाव सांगून तो खुर्चीत बसला, पुन्हा उठला, काउंटरपाशी आला आणि उरलेल्या अर्ध्या तोंडानं हसला.

"हे कुणी दिलं तुम्हाला?"

"बहिणीनं. मेणवेल आहे. अजून फुटवा नाही आलेला."

"नाही यायचा."

दुखत्या दाढेचा माणूस तुटकच बोलणार, असं तिनं समजून घेतलं. पण झाडाचा विषय निघाल्यावर दाढेचं त्याला भान उरलं नाही. बोटानं माती जरा बाजूला करून त्यानं तिला देठाचं टोक दाखवलं.

"नुसतं पान खुडलंय. पान जिथं वेलीला चिकटतं ना, तिथं डोळा असतो. फुटवा त्या डोळ्यातून येतो. तो वेलीवरच राहिला. याला मुळं फुटतात, हिरवं राहतं, वर्षानुवर्षं जगतं. पण वेल नाही व्हायची याची. कधीच नाही."

"सात वर्षं झाली," धाकटी म्हणाली.

त्यानं रुमालाची बाजू बदलली. आपण काय बोलून बसलो, हे त्याच्या ध्यानात आलं असावं.

"होतं असं. बहिणीला झाडांतलं फारसं कळत नसेल."

बिचाऱ्यानं वाट काढून दिली होती. हो, नसेल, एवढं म्हटलं की भागत होतं. पण सात वर्षांचा अभिमान तिच्याआधी बोलून गेला.

"तिच्याइतकं कुणालाच कळत नाही," ती म्हणाली आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं.

डॉक्टरीणबाईंनी आतून घंटी वाजवली. रोपवाटिकावाला सुटल्यासारखा आत गेला. धाकटीनं वही पुढे ओढली आणि पुढचं नाव लिहायला घेतलं. समोरच्या माणसानं ते दोनदा सांगितलं, तरी तिचं पेन कागदावर टेकलंच नाही.

ताईनं कितीजणांना वेल दिली होती. समोरच्या मास्तरीणबाईंना, पोस्टमनच्या बायकोला, कॉलेजच्या शिपायाला. धाकटीनं स्वतः पाण्याचे ग्लास धरले होते. ताई वीतभर दांडी तिरपी कापायची आणि तिला दोन-दोन पानं ठेवायची. मास्तरीणबाईंच्या गॅलरीत तर तिसऱ्याच वर्षी झुबके आले होते. नुसतं पान खुडून ताईनं कुणाला दिलेलं तिला आठवेना. फक्त तिलाच. ज्या बाईनं वीस वर्षं विद्यार्थ्यांच्या टेबलांवर फांद्या कापून मांडल्या, तिच्या हातून अशी चूक होत नसते.

घरी रंगाचा वास भरला होता. तिनं कप मोरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. "म्हणजे सात वर्षं आपण बिस्किटालाच पाणी घालतोय!" मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू ओसरलं. टाकून दे, म्हणाला. तिला सरळ विचार, असंही म्हणाला. धाकटीला राग आला होता, अगदी पोटातून आला होता. समोरासमोर भांडली असती, चार लोकांत बोलली असती, तरी चाललं असतं. हे असं दर रविवारी गोड बोलून फसवायचं? आपण पाण्याचे चमचे मोजत होतो, तेव्हा ती तिकडे हसत असेल का? चार दिवस धाकटी याच विचारात होती. रंगारी गेल्यावर कपाट खिडकीपुढे ओढायला तिनंच नवऱ्याला हात दिला.

रविवारी तिनं पान पुसलं नाही. फोन मात्र नेहमीच्या वेळेला लावला. काय बोलायचं ते तिनं आंघोळ करताना ठरवून टाकलं होतं.

ताईनं रंगाचं विचारलं, धाकटीच्या नवऱ्याच्या पाठदुखीचं विचारलं आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आणि पान कसं आहे?"

"ताई, कळ्या आल्यात."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. धाकटी थांबून राहिली. तिला बरं वाटत होतं. आता ताईला एकतर खोटं कौतुक करावं लागेल, नाहीतर खरं बोलावं लागेल.

"कुठून?" ताईनं विचारलं.

सात वर्षांत ताईनं पानाबद्दल मनापासून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"तूच सांग कुठून येतात ते," धाकटी म्हणाली. "डोळा तर तू ठेवून घेतलास."

ताईनं श्वास सोडला. जड पिशवी खाली ठेवताना सुटतो तसा.

"कळलं म्हणजे. मला वाटलं होतं वर्षभरात कळेल."

"का केलंस असं?"

"वर्षभरात कंटाळशील, म्हटलं. म्हणशील, ताई, हे काही वाढत नाही, दुसरी फांदी दे. आणि फांदी फोनवरून देता येत नाही. घ्यायला यावं लागलं असतं तुला. बाबा तेवढं तुला बघून गेले असते."

धाकटीला काउंटर, रोपवाटिकावाला, आंघोळ करताना जुळवलेली वाक्यं, काहीच आठवेना. आठवला तो दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा. बाबा सारखं तुझं नाव घेतात, चार दिवस येऊन जा, असं ताई म्हणाली होती. जायचं धाकटीच्या जिवावर आलं होतं. ते अंथरूण, तो औषधांचा वास, ताईचं न बोलता वावरणं. म्हणून ती म्हणाली होती, कसं येऊ गं, पान नुकतं मूळ धरतंय, पाण्याचा नेम चुकला तर जाईल. ताई नुसतं बरं म्हणाली होती. धाकटी माहेरी गेली ती बाबांचं सगळं आटोपल्यावर, एका दिवसासाठी, आणि संध्याकाळच्याच गाडीनं परत फिरली होती.

पण ताई हे खरं सांगतेय, की हेही सात वर्षांच्या सल्ल्यांसारखंच, ते तिला ठरवता येईना. आवाजावरून काही कळत नव्हतं. ताईचा आवाज नेहमीच असा असायचा, कोरडा, नेमका, पाटीवर नावं लिहिल्यासारखा.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" धाकटीनं विचारलं.

"तू दर रविवारी फोन करायचीस. पानासाठी का होईना."

स्वयंपाकघरातून नवऱ्यानं डोकावून हातानंच विचारलं, काय झालं? धाकटीनं त्याच्याकडे पाठ केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कोणावरच्या रागाचं आहे, हे तिला सांगता आलं नसतं.

"मी येते ताई," ती म्हणाली. "या शनिवारीच येते."

"आता कशाला?"

ताईच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिनं खरंच विचारलं होतं. फोन तिनं ठेवला नाही. पलीकडे ती उत्तरासाठी थांबली होती.