बर्फमास्तरांचा शब्द

वेबसाइट म्हणत होती, पत्र गेलं. हिरवी पट्टी उगवायची, आणि तिच्याखाली हिस्केनंच कधीकाळी लिहिलेलं वाक्य: 'धन्यवाद! बर्फावर भेटू.' आणि पत्र कुठेच पोचत नव्हतं.

हेमेवार गावच्या बर्फमंडळाची ही वेबसाइट हिस्केनं बांधली होती, मागच्या वेळी तळं गोठलं तेव्हा. त्यानंतरचे हिवाळे नुसतेच ओले गेले. पाऊस, चिखल, तळ्यावर बदकं. आणि या वर्षी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, पूर्वेचा कोरडा वारा आला आणि पाणी जागच्या जागी निजलं. काळा बर्फ धरला, खालचं गवताचं पातं न् पातं दिसावं असा. उद्या सकाळी तळ्यावरून, कालव्यांमधून, गावांना वळसा घालत, पायांना स्केट बांधून घसरफेरी निघणार होती. रविवारपासून वितळणार, असं हवामानखातं सांगत होतं. म्हणजे उद्या, नाहीतर नाहीच.

नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला मेलनं पत्र जायचं होतं: या वेळेला या, हे दाखवा, दंडाला बांधायची पट्टी घ्या. नावं शेकड्यांनी आली होती. पत्र एकालाही मिळालं नव्हतं.

"माझ्या मेव्हणीला आलं नाही, बेकरीवाल्याला आलं नाही, मला आलं नाही, आणि मी मंडळाचा अध्यक्ष आहे!" डाउवे फोनवर करवादला. "पलीकडच्या गावाची फेरीही उद्याच. त्यांची पत्रं पोचलीसुद्धा. लोक तिकडे वळताहेत, हिस्के."

"बघतेय ना मी."

"सकाळपासून बघतेयस. तुझ्या बघण्यानंच वितळायचा बर्फ."

तिनं फोन ठेवला. शेगडीपाशी बाबा बसले होते. अंगात कोट, डोक्यावर लोकरी टोपी, मांडीवर बर्फाला भोक पाडायचं गिरमिट. बाबा, म्हणजे गोसे, हिस्केच्या जन्माआधीपासून गावाचे बर्फमास्तर. बर्फ 'धरतो', म्हणजे वजन पेलतो, असं ते म्हणाले की माणसं लेकराबाळांसकट तळ्यावर उतरायची, नाही म्हणाले की कुत्रंही काठ सोडायचं नाही. या शरदात डॉक्टर म्हणाले होते, विसरणं वाढत जाईल. पुढचा बर्फ येईल तेव्हा तो बर्फ आहे हे बाबांना कळेल का, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं आणि हिस्केनं विचारलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं: बाबांचा शब्द आणखी एकदा दूरवर जावा. सकाळी ते काठावर उभे असावेत, आणि त्यांच्या शब्दावर माणसं यावीत.

तिनं पासवर्ड बदलून पाहिला. फॉर्म पुन्हा बसवला. स्वतःला पत्र पाठवलं, स्पॅमच्या ढिगात हात घालून शोधलं. काही नाही. शेवटी ज्यांच्या सर्व्हरवर वेबसाइट भाड्यानं राहत होती त्या कंपनीला फोन लावला.

"तुमच्या एका सर्व्हरवर चाळीसारखी शेकडो बिऱ्हाडं आहेत," ती म्हणाली. "त्यातलंच कुणी कचरा पाठवत असेल, आणि नाव सगळ्या चाळीचं खराब!"

"होतं तसं कधीकधी, मॅडम," पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला. "पण आज तुमच्या शेजाऱ्यांची पत्रं पोचताहेत. तुमचीही इथून निघाली आहेत. पत्र घेणाऱ्यांच्या मेलकंपन्या ती दारातून परत पाठवत असणार. नाकारल्याचं पत्र येतं ना? का नाकारलं ते त्यात लिहिलेलं असतं."

"एकही आलेलं नाही."

"आलंच असणार. पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बघा."

हिस्केच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. पाठवणारा. मंडळाची ती बैठक तिला आठवली. वेबसाइटचं पत्र म्हटल्यावर सगळ्यांनी नाकं मुरडली होती. बर्फाबद्दल यंत्रानं काय सांगायचं? गोसेच्या पत्त्यावरून येईल तेच पत्र खरं. म्हणून तिनं पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचा स्वतःचा पत्ता घातला होता, फुकट मिळणाऱ्या मेलचा. तेव्हा ते चाललंही होतं.

"बाबा, तुमची मेल उघडू?"

"उघड की. चोर आहेत सगळे."

"कोण चोर?"

"इंग्रजीत लिहितात. बँकेतली पोरगी म्हणाली, ओळखीचं नसेल तर उडवून टाका, आजोबा. मी उडवतोय. सकाळपासून उडवतोय, बोट दुखायला लागलं बघ."

कचऱ्याच्या पेटीत ती सगळी होती. पाखरांसारखी घरी परतलेली, आणि बाबांनी हाकललेली. प्रत्येकावर तेच: हा पत्ता ज्या घरचा, त्या घरानं हे पत्र पाठवलेलं नाही. नाव एका घरचं, निघालेलं दुसऱ्याच दारातून. पूर्वी अशा पत्राला कुणी हटकत नसे. आता दारोदारी पहारेकरी बसले होते, आणि त्यांच्या लेखी गोसेचं नाव सांगणारा तोतया होता.

हिस्केला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं पाठवणाऱ्याच्या जागी मंडळाचा पत्ता घातला. पत्रं रीतसर पासवर्ड देऊन मंडळाच्या पेटीतून निघतील असं केलं. 'हा सर्व्हर आमच्या वतीनं पाठवतो' अशी ओळ मंडळाच्या नावाच्या सेटिंगमध्ये लिहिली. पत्त्याआधी दिसणारं नाव मात्र 'गोसे, बर्फमास्तर' असंच ठेवलं, आणि उत्तरं बाबांकडे येतील असं पाहिलं. मग एकच पत्र डाउवेला.

फोन लगेच वाजला. "आलं! अगं, आलं! गोसेचं नाव आहे वर! सोड सगळी!"

"एकदम सुटत नाहीत. तासाला ठरावीकच जाऊ देतात. थेंबाथेंबानं जातील."

"थेंब तर थेंब! सोड!"

तिचं बोट बटणावर गेलं आणि पायांना गार वारा लागला. मागचं दार उघडं होतं. शेगडीपाशी कुणी नव्हतं.

ती तशीच धावली. दिवस कलला होता. बाबा फेरीच्या वाटेवरच्या लाकडी पुलाखाली बर्फावर गुडघे टेकून गिरमिट फिरवत होते, आणि नावं विसरणारं त्यांचं तोंड लहानपणचं गाणं बिनचूक गुणगुणत होतं:

'काळ्या बर्फा, बोल रे बोल,
तुझ्या पोटी पाणी किती खोल…'

"बाबा, चला घरी. गारठाल."

"वारा फिरला, आन्के," ते म्हणाले. आन्के हे हिस्केच्या आईचं नाव. "दक्षिणेचा झाला. उद्या सूर्य वर येईतो या पुलाखाली काही धरणार नाही."

"रविवारी वितळणार आहे. खात्यानं सांगितलंय."

"खात्यानं कान लावला होता का? तू लाव."

ती वाकली. चार रात्री बर्फ गोठता गोठता तळं गात होतं, टणकन, दूरदूरवर, तार छेडावी तसं. आता आवाज नव्हता. नुसतं भोकातून वर आलेलं पाणी, राखाडी, तिच्या बोटांभोवती.

"गप्प झालाय," बाबा म्हणाले.

आईच्या नावानं हाक मारणाऱ्या माणसाचं ऐकायचं, की खात्याचं? 'धरतो' हा एक शब्द जावा म्हणून ती दिवसभर झगडली होती. पत्र तयार होतं. नुसतं दाबायचं होतं. तिला वाटलं, इथेच बर्फावर बसून हंबरडा फोडावा. पण त्या पाण्याचा स्पर्श बोटांवरून जाईना.

घरी येऊन तिनं पत्र पुसलं आणि नवं लिहिलं. 'फेरी नाही. बर्फ धरणार नाही. कुणीही उतरू नका. गोसे.' आणि डाउवेला फोन केला.

"वेड लागलंय का तुला? परवा म्हाताऱ्यानं मला माझ्या बापाच्या नावानं हाक मारली!"

"हाका चुकतात त्यांच्या, डाउवे. बर्फ कधी चुकलाय?"



"पाठव," डाउवे शेवटी म्हणाला. "पलीकडच्या गावाला मी कळवतो. शिव्या खाईन. पण गोसेनं नाही म्हटल्यावर त्यांचीही म्हातारी माणसं उतरायची नाहीत."

तिनं बटण दाबलं. हिरवी पट्टी उगवली. 'धन्यवाद! बर्फावर भेटू.' ते वाक्य बदलायचं राहिलंच होतं. ते बघून मग तिला रडू आलं.

पत्रं थेंबाथेंबानं निघाली. तिनं वाटाण्याचं घट्ट सूप गरम केलं, राय धान्याचा काळा पाव कापला. बाहेर पन्हाळीतून पाण्याचा पहिला थेंब पडला. बाबांच्या पेटीत उत्तरं येऊ लागली आणि ती एकेक वाचून दाखवू लागली.

"'गोसे, तू म्हणतोस तर स्केट खुंटीला टांगले.' 'पोरं रडताहेत, पण बरं केलंत कळवलंत.' 'पलीकडची फेरीही रद्द.'"

बाबांनी चमचा थांबवला. "कसली फेरी?"

"उद्याची, बाबा. तळ्यावरची. होणार नाही. बर्फ धरणार नाही."

"असं कोण म्हणालं?"

हिस्केनं त्यांच्या ओठाकडेला लागलेलं सूप पुसलं.

"बर्फमास्तर म्हणाले."

बाबांनी जरा विचार केला, मान हलवली.

"मग ऐकायला हवं," ते म्हणाले, आणि पुन्हा सूप पिऊ लागले.