मागच्या दारातलं पाणी

मेकॅनिकने गाडीच्या मागच्या दाराखाली वाकून स्क्रूड्रायव्हर खुपसला, आणि आतलं पाणी भळाभळा बाहेर आलं. गढूळ, कुबट पाणी. गाडीचा मालक पेशाने प्लंबर. त्याने पाय मागे घेतले.

"दार आहे का टाकी?" मेकॅनिक म्हणाला. "काचेवरून पाणी आत उतरणारच. ते जायला खाली भोकं असतात. ही बुजवली कुणी?"

"आधीच्या मालकाने असतील," प्लंबर म्हणाला.

"काम मात्र पक्कं केलंय पठ्ठ्याने."

काम प्लंबरचं स्वतःचंच होतं. ही जुनी गाडी घेतली तेव्हा धुताना त्या दाराच्या तळातून थेंब गळताना दिसले आणि त्याचे हात शिवशिवले. गळती दिसली की भोक बुजवायचं, उभा जन्म त्यातच गेलेला.

मग पावसाळ्यात मागच्या सीटची दाराकडची कड ओली राहू लागली. वास यायला लागला. तिथे बसायचे फक्त त्याचे वडील. दर रविवारी बहिणीला भेटायला जायचे. एकदा सीटला हात लावून तो बायकोदेखत म्हणाला, "बाबा, निघायच्या आधी जाऊन येत जा ना." म्हाताऱ्याने आपली पँट चाचपली. तीही ओली होती. ओल्या सीटवर बसल्यावर होणारच. पण हे तेव्हा सुचलं कुणाला?

"माझं मलाच कळत नाही रे आता," बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्याही. आत्या फोनवर विचारायची, आणि हाही खुशाल गुडघ्यांवर ढकलायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि संन्याशाने गुन्हा कबूलही केला होता.

घरी जाताना त्याने ठरवलं, काही बोलायचं नाही. गाडी दुरुस्त झाली, खपली कशाला काढा? पण बाबा खिडकीशी बसलेले दिसले आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, सीट तुमच्यामुळे ओली होत नव्हती. दारात पाणी साचत होतं. भोकं मीच बुजवली होती."

बाबा खिडकीकडून वळले. "म्हणजे मी नव्हतो?"

"नव्हतात. माझं चुकलं."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ते नुसतं म्हणाले, "सापडलं ना, झालं तर."

"आत्याकडे जाऊ या आज?"

बाबा लगेच उठले. गुडघ्यांचं नावही निघालं नाही. शर्ट बदलून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सुनेला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात त्यांनी मुलाला विचारलं,

"तेव्हापासून दिवसा पाणी प्यायचंच सोडलं होतं मी. आता प्यायलं तर चालेल ना रे?"

त्याने पेला भरून दिला. बाबांनी तो उभ्याउभ्याच संपवला, आणि पुन्हा पुढे केला.