सतरा हॉर्सपॉवरचं भूत

नई सडकेमागच्या दौलतसिंहाच्या गॅरेजात माणसं दारापर्यंत दाटली होती. जमिनीत बसवलेल्या फिरत्या लोखंडी रुळांवर माझ्या गेलेल्या पुतण्याची, विक्रमची, लाल स्पोर्ट्स कार पट्ट्यांनी जखडलेली. दौलतसिंहाने आत बसून ॲक्सिलरेटर दाबला; चाकं जागच्या जागी फिरली आणि पडद्यावर इंजिनाची ताकद उमटली: दोनशे हॉर्सपॉवर.

"अब बहू को बिठाओ," विक्रमचा आत्मा गाडीत बोलावून दाखवतो म्हणणारे बाबा म्हणाले.

धूप पेटला, मंत्र सुरू झाला. विक्रमची विधवा स्मृती दौलतसिंहाशेजारी बसली. इंजिन गरजलं. दोनशे सतरा!

"आला! माझा विक्रम आला!" सुमन, माझी धाकटी जाऊ, ओरडली.

माझ्याही अंगावर काटा आला. लहानपणी तो तोंडाने असाच घर्रर्र आवाज करत घरभर धावायचा. डेंगीने गेला, तरी तो आवाज भिंतीपलीकडून येतोय असं मला अजून वाटतं.

बाबांनी डोळे मिटले. "बहू शहर छोड़ेगी, तो आत्मा भटकेगी."

स्मृतीला भोपाळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली होती. सुमनने तिच्यापुढे हात जोडले. "नको जाऊस गं."

स्मृती पडद्याकडे बघत होती. "काकी, आज थंडी कशी आहे?"

"दात वाजतायत माझे," मी म्हणाले.

"मग इथे पडद्यावर हवेचं तापमान अठ्ठावन्न अंश कसं?"

"आत्मा गर्म होती है, बेटी!" बाबा म्हणाले.

पडद्यामागची वायर ती चाचपत गेली. टोकाला तापमान मोजणारी काडी, आणि बरोबर तिच्याखाली बाबांचं धुपाटणं. स्मृतीने ते बाहेर नेऊन ठेवलं, काडी निवू दिली आणि परत सीटवर बसली. मंत्र तोच. आकडा दोनशे.

"नाराज हो गया," बाबा पुटपुटले.

मग तिने सीट रिकामी ठेवली आणि वाफाळता चहा काडीखाली धरला. दोनशे बारा.

"आता चहात आला का हो?"

असं बाबांना विचारत तिने कप खाली ठेवला.

"गरम हवेत इंजिनाचा जोर घटतो," ती म्हणाली. "ती घट भरून काढायला यंत्र आकडा वाढवून दाखवतं. काडी तापवली की यंत्र फसतं. इंजिन होतं तसंच असतं."

दौलतसिंह मान खाली घालून उतरला. बाबा झोळी उचलून केव्हा सटकले, कळलंच नाही.

सुमनने गाडीच्या टपावर हात ठेवला. "म्हणजे तो यात नाही?"

"नाही, आई."

"कुठेच?"

स्मृतीने तिचा हात नुसता धरून ठेवला. गाडीकडे पाठ करून सुमन म्हणाली, "ट्रेन कितीची आहे भोपाळची? डबा करून देते."

गेलेल्यांची ओढ कुणाला सुटली आहे? पण त्यांचं नाव घेऊन कुणी जित्या माणसाला बांधू लागलं, तर एवढंच विचारा: कसं मोजलंत? आमच्यासमोर पुन्हा मोजा.