टाळी चुकली, भूत सापडलं

"टाळी चुकली, म्हणजे आत दुसरा बसलाय!" घंटावाले महाराज गरजले आणि भरल्या सभागृहाच्या अंगावर काटा आला.

परीक्षा सोपी होती. महाराज घंटा वाजवणार, समोरच्याने बरोबर टोल्यावर टाळी द्यायची. आधी भूत ऐकतं, मग माणूस. म्हणून टाळी मागे पडते म्हणे. समोर उभ्या दादाची मागेच पडत होती. आई रडू लागली.

दादाची बहीण मात्र कपाळाला आठ्या घालून घंटेकडे बघत होती. ती शाळेत कवायत शिकवायची. दादाला स्किझोफ्रेनिया होता. औषधांनी कानातले आवाज थांबले, तो पुन्हा छापखान्यात जाऊ लागला. पण बटणं लावताना बोटं अडखळायची. आईच्या शंकेला तेवढं पुरलं.

"गोळ्या आजपासून बंद!" महाराज म्हणाले. "भूत गोळ्यांवरच पोसतं."

"म्हणजे तेसुद्धा जेवणानंतरच घेतं का?" बहीण उठली. "महाराज, भूत टाळीवरूनच कळतं ना? मग मध्ये पडदा ओढू, न बघता ओळखा."

"अगं, गप्प बस!" आई पुटपुटली. पण लोकांना आणखी मोठा चमत्कार हवा होता. व्यासपीठाचा पडदा ओढला गेला. बहिणीने दादाला आत खुर्चीवर बसवलं आणि टाळ्या स्वतःच दिल्या.

"ऐका! भूत चवताळलंय!" महाराज ओरडले.

पडदा सरला. बहीण हसत उभी.

"ते... ते बहिणीत शिरलं!"

"असं?" तिने घंटा उचलली. एकसारखे टोल दिले. सगळ्या सभागृहाची टाळी एक पडली. मग महाराजांसारखाच मध्येच टोल लांबवला, मध्येच घाईने दिला. टाळ्यांचा नुसता कचरा झाला. पट्टशिष्याचीही चुकली.

"एवढी भुतं मावली कुठे?" कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

"टोल सारखे असले की पुढचा आपण ओळखतो," ती म्हणाली. "महाराजांना ज्याला धरायचं, त्याच्यासाठी ते ठेका मोडतात."

घरी आई हळूच म्हणाली, "पण तू सरळ वाजवलीस तेव्हा खुर्चीवरून दादाही टाळी देत होता, आणि त्याची तेव्हाही जरा चुकतच होती गं."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी दादाच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "या आजारात मेंदूचा वेळेचा अंदाज आणि हाताचा ताळमेळ ढळू शकतो. कधी औषधानेही हालचाल मंदावते; ते मी तपासते. पण गोळ्या मनाने सोडायच्या नाहीत."

दादाने विचारलं, "म्हणजे माझ्यात मीच आहे ना?"

"तूच आहेस," बहीण म्हणाली.

आईने त्याचा हात घट्ट धरला. महाराजांनी तोवर मुक्काम हलवला होता. पुढल्या मुक्कामीही गर्दी जमेल. तिथल्या लोकांना एवढंच सांगणं: माणूस मागे पडला तर कारण शोधा, इलाज करा, त्याला थोडी सवड द्या. त्याच्या आजारपणाचा तमाशा मांडू नका.