पायात पिवळं कडं, चोचीत गाणं

मी पिवळ्या बोलतोय. इकडे तिकडे काय बघताय? वर बघा, तारेच्या मोठ्या पिंजऱ्यात, सगळ्यात वरच्या काठीवर. पायात प्लास्टिकचं पिवळं कडं घालून ऐटीत बसलाय, तोच मी.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या लाकडी पेटीतला. अंगावर धड पिसंही नव्हती, तेव्हापासून मला भरवलं ते ताईनं. ताई इथली संशोधक. आम्ही चोची उघडाव्यात म्हणून ती जिभेनं 'च्च् च्च्' करायची. आम्ही लगेच आ वासून तयार! मग चिमट्यातून अळी यायची आणि अळीवर तेलाचा एक थेंब.

त्या थेंबातच खरी गोम होती. प्लास्टिक, साबण, औषधं यांतून काही रसायनं सांडपाण्यात उतरतात आणि पोटात गेली की शरीरातल्या संप्रेरकांचं सोंग घेतात. गटाराकाठच्या अळ्या खाणाऱ्या पिल्लांचं त्यानं काय होतं, हे ताईला शोधायचं होतं. म्हणून निम्म्या पिल्लांच्या तेलात रसायन, निम्म्यांना नुसतं तेल. कोणत्या रंगाच्या कड्याला काय, हे फक्त तिच्या वरिष्ठ सरांना ठाऊक. ताईनं कुणाला झुकतं माप देऊ नये ना! तसा तिचा जीव माझ्यावर जडलाच होता, पण ते सरांना सांगू नका.

भिंतीवरच्या स्पीकरमधून आम्हाला आमच्या बाबांचं रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकवत. पंख फुटले तसा मीही गळा साफ करू लागलो. "गाशील ना रे राजा?" ताई रोज विचारायची. तिला माझी फार काळजी.

परीक्षेच्या दिवशी मी माइकसमोर छाती फुगवून गायलो. मध्ये मध्ये 'च्च् च्च्'. सर ताडकन उठले.

"ऐकलंस? आवाज बिघडलाय! पिवळ्यांना रसायन होतं, तेच भोवलं."

ताईचा चेहरा पडला. माझं काय चुकलं, मला कळेना.

पुढचा नंबर निळ्या कड्याचा. त्याला नुसतं तेल मिळालेलं. तोही गायला आणि त्याचंही मध्ये मध्ये 'च्च् च्च्'! सर बुचकळ्यात पडले. ताईनं कपाळावर हात मारला.

"सर, हा माझा प्रताप. भरवताना मीच करते तसं."

"म्हणजे वडिलांना बाजूला सारून तूच गुरू झालीस की!" सर पोट धरून हसले. ताईही हसली.

मग त्यांनी ते 'च्च्' वगळून पुन्हा ऐकलं. निळ्याचं गाणं बाबांसारखं लांबलचक. माझं अर्ध्यावरच संपत होतं. सगळ्याच पिवळ्यांचं तसं निघालं. ताईनं मला ओंजळीत घेतलं. "सॉरी रे राजा," म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मी मात्र रडत बसणाऱ्यांतला नाही. आता इथे ऐसपैस राहतो, खातोपितो. अर्धं गाणं संपलं की पहिल्यापासून सुरू करतो. शेजारीण अजून तरी कंटाळलेली नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. उरलेली औषधं मोरीत ओतू नका. मला तो थेंब ताईनं मोजून दिला आणि काम झाल्यावर बंदही केला. बाहेरच्या पिल्लांचा थेंब कोण बंद करणार?