आत्याबाईंना घातलेलं मुसकं

फाल्गुन सरता सरता भाताच्या रोपासाठी शेतात पालापाचोळा पसरून राब भाजायला घेतले, की करड्या धुराच्या पडद्यामागून आत्याबाई दिसायच्या आधी त्यांचा श्वास ऐकू यायचा. फुटक्या फुंकणीतून निघावा तसा किरटा, अपुरा, पण हुकूम सोडणारा. मुरबाडकडच्या आमच्या उताराच्या शेतात ती माझी कृश सासू वाऱ्याचा रोख पारखत उभी राही आणि आग कुठून लावायची ते नुसत्या हनुवटीनं दाखवी. माझं चुकलं की म्हणे, "सुमे, तुझ्या हातात जीव नाय गो, सगला जिभेत हाय." चुलीच्या आणि राबाच्या धुरानं त्यांची छाती आतून काजळली होती, जीभ मात्र लखलखीत राहिली.

एका वैशाखात त्या बोलता बोलता पेंगू लागल्या. ओठ पिकल्या जांभळासारखे झाले. शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, नुसता ऑक्सिजन पुरायचा नाही, आत साठलेली वाईट हवा बाहेर निघाली पाहिजे. त्यासाठी एक तर घशात नळी, नाही तर यंत्राला जोडलेला घट्ट मास्क. नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी मास्क म्हटलं. गावभर सांगितलं, म्हातारीला नळीचा त्रास नको म्हणून. खोटं. तोंड झाकलं जाणार, एवढंच मला दिसलं होतं.

मास्कनं गुण दिला. दुसऱ्या दिवशी खिडकीतलं कोवळं ऊन त्यांच्या गालावर उतरलं तेव्हा त्या गालांना पुन्हा माणसाचा रंग होता. पेज पाजण्यापुरता मास्क काढला, तर पहिला घोट घेऊन त्या म्हणाल्या, "मीठ कोन घालनार? तुजा बाप?" नर्सनं शिकवलं होतं, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकी ढील ठेवा. तेव्हाची मी बावन्न वर्षांची, दोन सुनांची सासू, आणि स्वतःला भारी विनोदी समजणारी. आज ती बाई भेटली तर तिच्या हातचं पाणी मी पिणार नाही. मी पट्टे कचकन ओढले आणि म्हटलं, "मळणीच्या बैलाला मुसकं घातलं की दाणा खाता येत नाय. आता बोला, आत्याबाई."

नवरा हसला. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली.

त्या हसल्या नाहीत. पुढच्या वेळी पेज झाली, मी मास्क उचलला, तसा त्यांनी आपला राठ, काळवंडलेला तळहात स्वतःच्या तोंडावर ठेवला. देवळाचं दार आतून लावून घ्यावं तितक्या शांतपणे. डॉक्टरांनी समजावलं, लेकानं हात जोडले. बोटांच्या फटीतून एवढंच आलं, "मी बैल नाय. नली पन नको." मी पाया पडले, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी पेंग परत आली, आणि उन्हं डोंगराआड जावीत तशा त्या कुणाचीही परवानगी न घेता गेल्या.

आता घरात मीच थोरली. मला कुणी टाकून बोलत नाही. काळ दयाळू असतो म्हणतात, पण माझ्याशी त्यानं दावा साधला: त्यांच्या शब्दांतला विखार त्यानं थोडा थोडा करून पुसून टाकला, आणि तो उरला असता तर निदान त्यांच्यावर रागावून तरी मला जगता आलं असतं.